दोरा बांधलेलं टोक

१२ जानेवारी

प्रिय धाकटे भाऊजी,

सप्रेम नमस्कार. दोन वर्षांत तुमचं पत्र नाही आणि माझंही नाही, म्हणजे फिटंफाट झाली. तुमचे दादा गेल्यावर तुम्ही आठ दिवस राहिलात, दाराची कडी दुरुस्त केलीत आणि गेलात. कडी अजून व्यवस्थित लागते.

आता कामाचं. घरमालकाच्या मुलाने गाडी घेतली आहे आणि ती ठेवायला त्याला मागचं अंगण हवं आहे. सगळीकडे सिमेंट करणार म्हणतो. अंगणात आहे काय, तर कपडे वाळत घालायची तार आणि तुमच्या दादांचं झुडूप. तार मी कुठेही बांधीन. झुडूप बावीस वर्षांचं झालं, त्याची मुळं भिंतीखाली गेली आहेत. दोन नर्सरीवाले आणून दाखवले. दोघांनी त्याची दोन वेगळी नावं सांगितली, पण हलवलं तर मरेल यावर मात्र दोघांचं एकमत.

तुम्हाला आठवत असेल, हे जमीन मोजायच्या कामावर महिनाभर डोंगरात होते, तिथून जेवणाच्या डब्यात रोप घालून आणलं होतं. भाजी संपवून डबा धुतला होता का, हे मी तेव्हाही विचारलं होतं आणि उत्तर मिळालं नव्हतं. ते फळ मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. आधी आंबट, मग घशाशी गोड. बी पेरलं तर उगवत नाही, काडी खोवली तर कुजते. हे सांगायचे की याचं कलम कुंपणाच्या काटेरी झुडपावरच लागेल, ती दोघं चुलत भावंडं आहेत, फूल अगदी सारखं. रिटायर झाले तरी पुढच्या वर्षी करू म्हणायचे. तोवर थांबले नाहीत.

ते काटेरी झुडूप इथे आता औषधालाही मिळत नाही. तुमच्याकडे रस्त्याकडेला माजलंय असं तुम्हीच म्हणाला होतात. बोटाएवढ्या जाडीची सहा रोपं मुळांसकट खणून डब्यांत लावा. तोच आपला खुंट. ती रुजली की मी काड्या पाठवते. घरमालकाच्या मुलाला सांगितलंय की कलम लागल्याचं पत्र येईपर्यंत कुदळ लावायची नाही. तो एप्रिलअखेरपर्यंत थांबतो म्हणाला.

विचारून मग ठरवायला हवं होतं, पण तुम्ही ‘बघू’ म्हणाला असतात आणि मार्च उजाडला असता.

तुमची,
वहिनी

&nbsp;

२२ जानेवारी

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. पोस्टमनने दार वाजवलं तेव्हा मला वाटलं तो मजला चुकला. माझी येतात ती बिलं, आणि ती तो खालीच पेटीत टाकतो. पत्र चार वेळा वाचलं.

रोपं आणली. बस डेपोच्या मागच्या भिंतीलगत पुष्कळ आहेत. रखवालदार म्हणाला, काका, याला बकरीसुद्धा तोंड लावत नाही, तुम्ही काय करणार? मी म्हटलं, भावाचं काम आहे. त्याने कुदळ आणून दिली. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले आहेत. रंगाचे सहा रिकामे डबे मिळवले, तळाला भोकं पाडली, गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत ओळीने ठेवले आहेत.

माझ्यावर एवढा विश्वास टाकलात हे मात्र धाडसाचं. दादा मला कात्रीसुद्धा हातात देत नसे. म्हणायचा, धाकट्याला फक्त नटबोल्ट द्या, जिवंत काही देऊ नका.

मी रिटायर होऊन तीन वर्षं झाली. नोकरीत असताना दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात नाही तर वर मोटारीपाशी. माणसं दिसायची नाहीत, पण बोलणं ऐकू यायचं. अर्धी अर्धी वाक्यं. दार बंद झालं की पुढचं तुटायचं. आमच्या इमारतीची लिफ्ट महिनाभर बंद आहे. मला वाटलं, कुणीतरी विचारायला येईल. त्यांनी कंपनीला फोन केला. तिथून आलेल्या माणसाने मला ओळखलं नाही. मी जिन्यात उभा राहून त्याचं काम पाहिलं आणि काही बोललो नाही. त्याने रिले चुकीची बदलली होती.

काड्या पाठवा. मी तयार आहे.

आपला,
धाकटा

&nbsp;

८ फेब्रुवारी

प्रिय धाकटे भाऊजी,

सहा काड्या पाठवते आहे, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून. पार्सल येताच उघडा. दोन दिवस कपाटावर ठेवून ‘करतो’ म्हणायचं नाही.

नीट वाचा. खुंट वीतभर ठेवून वरून सपाट कापायचा. मधोमध धारदार पात्याने चीर द्यायची. काडीचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची आणि चिरेत बसवायची. साल सालीला भिडली पाहिजे, निदान एका बाजूने तरी. मग प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट आवळायचं आणि वरून पिशवी बांधायची. यांनी गुलाबावर केलेलं मी कितीदा पाहिलंय, कंदील धरायला मीच असायचे.

पानं गळलेली काडी वरून-खालून सारखीच दिसते, म्हणून प्रत्येकीच्या खालच्या टोकाला लाल दोरा बांधला आहे. दोरा बांधलेलं टोक खुंटात जाईल. यात चूक झाली तर सगळं मुसळ केरात. चाळीस वर्षं लोकांचे कपडे दुरुस्त केलेत मी, त्यामुळे दोऱ्याची काळजी करू नका. तुम्ही पात्याची करा, बोट कापून घ्याल.

अक्षर मोठं दिसेल. पेन नवीन आहे.

तुमची,
वहिनी

&nbsp;

१६ फेब्रुवारी

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. काम फत्ते. बोट कापलं, पण फक्त एक.

पार्सल आलं त्याच दुपारी बसलो. पहिल्या खुंटाची चीर इतकी खोल गेली की तो दोन फाकांत उघडला. तो बाजूला ठेवून त्याच्या जागी डेपोमागून नवीन आणला. बाकी पाच नीट झाले. दोरा बांधलेलं टोक खाली, दोरा बांधलेलं टोक खाली, असं म्हणत म्हणत केलं. शेजारची बाई कपडे वाळत घालायला आली होती, तिने मुलांना गच्चीवरून खाली नेलं.

एक विचारतो, रागावू नका. तुमच्या पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. ‘पाचर’ हा शब्द ‘सालीवर’ बसला आहे, मला भिंगाखाली धरून वाचावा लागला. डोळे दाखवलेत का कुणाला? आणि दुकान चालू आहे ना?

आपला,
धाकटा

&nbsp;

२४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे भाऊजी,

माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. स्वयंपाकघरातला बल्ब मंद आहे आणि पत्र मी तिथेच लिहिते. दुकान बंद केलं, कारण लोक आता दुरुस्त करत नाहीत, फेकतात. उगाच भलते अर्थ काढू नका.

डब्यांत पाणी बेताचं घाला. पिशवीच्या आत दव दिसलं म्हणजे ठीक. रोज उघडून बघायचं नाही. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, तुम्ही लहानपणी घड्याळ कसं चालतं ते बघायला उघडलंत आणि तेव्हापासून ते चाललं नाही, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं गेलं होतं.

तुमचं पत्र आलं की मी दोन दिवस टेबलावर ठेवते. काही खास नाही, टेबल रिकामं असतं म्हणून.

तुमची,
वहिनी

&nbsp;

१२ मार्च

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. फुटले, वहिनी. सहापैकी चार फुटले.

सकाळी पिशवीतून काहीतरी हिरवं दिसलं. माझा आधी विश्वासच बसला नाही, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तांदळाच्या दाण्याएवढे कोंब आहेत. गंमत अशी की ते आधी जमिनीकडे तोंड करून आले आणि मग वळून वर निघाले. लाजरे दिसतात. दादाच्या झुडपाचेही असेच येतात का?

मला कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. शेजारच्या बाईला सांगितलं. ती छान म्हणाली आणि दार लावून घेतलं. मग डेपोपर्यंत चालत जाऊन रखवालदाराला सांगितलं. त्याने चहा पाजला.

आज जीव भांड्यात पडला. दादा असता तर त्याला दाखवलं असतं की बघ, जिवंत होतं आणि माझ्या हातून मेलं नाही.

आपला,
धाकटा

&nbsp;

२० मार्च

प्रिय धाकटे भाऊजी,

पत्र वाचून मी अंगणात गेले आणि झुडपाला सांगून आले. हसू नका. घरात दुसरं आहे कोण?

कोंब खाली वळून येतात का ते मला आठवत नाही. इतक्या बारकाईने मी कधी पाहिलं नाही.

पण आता कान देऊन ऐका. फुटलं म्हणजे लागलं असं नसतं. काडीत जो रस साठलेला असतो त्यावरही ती फुटते आणि तो संपला की मान टाकते. हे नेहमी सांगायचे की महिनाभर थांबा, मग पेढे वाटा. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बघा आणि जे असेल ते मला लिहा. वाळलं असेल तर सरळ वाळलं म्हणून लिहा. मी त्याच दिवशी दुसऱ्या काड्या कापून पाठवीन. झुडूप अंगणात उभं आहे तोवर काही बिघडलेलं नाही. एकदा ते गेलं की मात्र हात चोळत बसायचं.

घरमालकाचा मुलगा रोज येऊन टेप लावून अंगण मोजतो. मी खिडकीत उभी राहते. 

तुमच्या उत्तराची वाट बघते.

वहिनी

&nbsp;

९ एप्रिल

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. उत्तराला थोडा उशीर झाला, क्षमस्व. सर्दी झाली होती.

डबे हिरवेगार आहेत. काही फांद्या वीतभर वाढल्या आहेत. पाणी वेळेवर घालतो. काळजी नसावी.

इथली लिफ्ट पुन्हा बंद पडली. मी म्हटलं होतं ना, रिले चुकीची बदलली होती.

बल्ब बदललात का? साठचा लावा. आणि तरीही अक्षर असंच आलं तर एकदा डॉक्टरांकडे जाऊन या. एवढं माझं ऐका.

आपला,
धाकटा

&nbsp;

२३ एप्रिल

प्रिय धाकटे भाऊजी,

काल झुडूप काढलं.

तुमचं पत्र आलं आणि मी घरमालकाच्या मुलाला सांगितलं की घे बाबा अंगण, आमचं काम झालं. तो इतका खूश झाला की त्याने माझी तार स्वतः पुढच्या बाजूला बांधून दिली. दोन माणसं आली. मला वाटलं तासाभरात आटपेल, पण अर्धा दिवस लागला. मुळं खरोखरच भिंतीखाली गेली होती, शेवटी त्यांनी ती करवतीने कापली. एक जण म्हणाला, आजी, हे मोठं चिवट आहे. मी त्याला पाणी दिलं. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही, कारण तुमच्याकडे सहा डबे आहेत हे डोक्यात होतं. जे गेलं ते जुनं लाकूड, असं मनाला समजावलं.

रात्री मात्र जेवण गेलं नाही. सवयीने मागचं दार उघडलं आणि बाहेर सगळं सपाट. दार लगेच लावून घेतलं.

पावसाळा संपला की एक डबा बसमधून पाठवाल का? किंवा मीच येईन न्यायला. कितीतरी वर्षांत मी कुठे गेलेली नाही. तुमची गच्ची तरी बघेन.

तुमची,
वहिनी

&nbsp;

२९ एप्रिल

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. हे पत्र बसून वाचा.

कलमं लागलेली नाहीत. एकही नाही. फुटलेल्या चार काड्यांनी मार्चअखेरीलाच मान टाकली, बाकी दोन फुटल्याच नव्हत्या. मी हिरवेगार आणि वीतभर लिहिलं ते खुंटाचे फुटवे होते. शब्द खोटा नव्हता, पण मी खोटंच बोललो.

नर्सरीवाल्याला एक डबा नेऊन दाखवला होता. काड्या उलट्या लावल्या आहेत, म्हणाला. चूक माझी आहे. मी दोरे आधी सोडून ठेवले आणि मग कुठलं टोक कुठलं ते विसरलो. पत्रात दोरा बांधलेलं टोक खाली असं म्हणत केलं लिहिलं होतं, ते फुशारकीने लिहिलं.

तुम्ही बजावलं होतंत की वाळलं तर वाळलं म्हणून लिहा. मी तीन वेळा लिहायला बसलो. दर वेळी दुसरंच काही लिहून झालं. मला वाटलं एप्रिलअखेर अजून लांब आहे, आठवड्यात सांगू. तुम्ही लगेच हो म्हणाल हे ध्यानात आलं नाही. याहून चांगलं कारण माझ्याजवळ नाही.

तुमचं पत्र काल मिळालं. स्टेशनवर जाऊन बसलो होतो, की यावं आणि समोर उभं राहावं. पण येऊन तुम्हाला काय दाखवणार? परत आलो.

दादाचं झुडूप माझ्यामुळे गेलं.

धाकटा

&nbsp;

६ मे

भाऊजी,

एक काम सांगितलं होतं. आयुष्यात एक. टोक कुठलं ते कळावं म्हणून मी दोरा बांधून दिला होता, आणि तुम्ही तो सोडून ठेवलात.

उलटं लावलंत याचा मला इतका राग नाही. माणूस चुकतो. पण नऊ एप्रिलला झुडूप उभं होतं. माझ्या खिडकीतून दिसत होतं. एक ओळ लिहिली असतीत तर मी कात्री घेऊन बाहेर गेले असते. त्याऐवजी तुम्ही मला लिफ्टच्या रिलेचं सांगितलंत.

यापुढे पत्र पाठवू नका.

वहिनी

&nbsp;

२० मे

ती. वहिनींस,

सा. न. पाठवू नका म्हणालात, तरी पाठवतो आहे. उत्तर देऊ नका. न उघडता टाकून दिलंत तरी चालेल.

दादाने जिथून रोप आणलं तो डोंगर मी शोधायचं ठरवलं. त्याच्या जुन्या ऑफिसला पत्र घातलं. उत्तर आलं की त्या वर्षाचे नकाशे निकालात काढले. दादाबरोबर काम केलेला एक जण सापडला. त्याला दादा आठवतो, डबा आठवतो, डोंगर आठवत नाही. म्हणाला, तेव्हा आम्ही इतके डोंगर मोजले.

धाकटा

&nbsp;

२ जुलै

ती. वहिनींस,

सा. न. खुंट अजून जिवंत आहेत. सहाही जणांना आणि त्या दुभंगलेल्यालाही पाणी घालतो. फेकून द्यावेत असं दोनदा वाटलं, पण मग सकाळी उठून करायचं काय?

पत्रपेटी बघायला मी दिवसातून दोनदा खाली जातो. चार मजले. लिफ्ट बंदच असते, ती एक बरी सबब आहे, पाय मोकळे होतात असं सांगता येतं. कुणी विचारलं तर.

तुम्ही मला कितीही नावं ठेवा, पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. हात जोडून सांगतो. मागचं पाकीट माझ्यापर्यंत आलं ते पोस्टमनच्या हुशारीने, पत्त्यातला मजल्याचा आकडा तुम्ही तिकिटावर लिहिला होतात.

धाकटा

&nbsp;

१४ सप्टेंबर

प्रिय धाकटे भाऊजी,

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू होता, दोन्हीकडे. डॉक्टर म्हणाले, तुम्ही इतके दिवस रस्ता कशा ओलांडत होतात? मी म्हटलं, आवाजावर.

पट्टी निघाल्यावर पाहिलं तर घर घाण होतं. मी रोज पुसत होते आणि घर घाण होतं. तीन दिवस साफसफाई केली. मग शिवणाचा डबा आवरायला घेतला. फेब्रुवारीत काड्या सात कापल्या होत्या, कागदात सहाच मावल्या म्हणून एक डब्यातच राहून गेली होती. वाळून कडक झाली आहे. तिला लाल दोरा बांधलेला आहे. मी खिडकीपाशी नेऊन पाहिली. गळलेल्या पानाचा वण खाली असतो आणि कोंब त्याच्या वर असतो, हे मला यांनीच शिकवलं होतं. दोरा शेंड्याला बांधलेला आहे.



तुम्ही दोरे सोडून ठेवले नव्हते. सांगितलं तसंच केलंत. आणि नर्सरीवाल्याने सांगितलं तेव्हाच तुम्हाला कळलं की चुकलं कोण. खरं की नाही? म्हणूनच प्रत्येक पत्रात डॉक्टर, डॉक्टर.

मला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलात. आता माझं ऐका. मला वाईट वाटलं असतं. चाळीस वर्षं दोरा हाताळलेल्या बाईला दोरा कुठे बांधला ते दिसत नाही, याचं मी दोन दिवस रडले असते, तुमच्यावर चिडले असते, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाऊन, शेजारच्या कुणाला तरी बोलावून त्याच्या नजरेने नव्या काड्या कापल्या असत्या. दोन दिवसांचं रडणं वाचवायला तुम्ही झुडूप घालवलंत. आणि मी तरी काय, चष्म्याचा नंबर बदलायला लागेल म्हणून बल्बवर ढकलत राहिले. दुकान बंद केलं ते सुईत दोरा ओवता येईना म्हणून. हे आज पहिल्यांदा कुणाला सांगते आहे.

मे महिन्यात तुम्हाला जे लिहिलं त्यातलं अर्धं परत घेते. अर्धं राहू द्या.

तुमची दोन्ही पत्रं मी फोडली होती. तोवर शब्द लागेनासे झाले होते, पण फोडली होती. परवा वाचली.

आता कामाचं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दहा ऑक्टोबरला आहे. हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘जवळची व्यक्ती’ असा रकाना आहे, तो भरल्याशिवाय घेत नाहीत. मागच्या वेळी घरमालकाच्या मुलाचं नाव घातलं होतं. घरी न्यायला तो यायचा होता, पण त्याला गाडी धुवायची होती. वॉर्डातल्या नर्सने रिक्षात बसवून दिलं. घरी येऊन एका हाताने भिंत धरत कुलूप उघडलं.

या वेळी मी तुमचं नाव लिहिलं आहे. नातं: दीर. पुढे फोन नंबर मागतात. माझ्याकडे तुमचा कंपनीचा आहे. तो लावला तर कुणी बाई उचलते आणि लिफ्ट कुठली अडकली ते विचारते. तुमचा आताचा नंबर कळवा. फॉर्म तेवढ्यासाठी अडला आहे.

तुमची,
वहिनी

&nbsp;

२१ सप्टेंबर

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. हो. नर्सरीवाल्याने वण दाखवला, तेव्हाच कळलं. दोरे मी सोडले नव्हते. त्या दिवशी घरी येऊन तुमची पत्रं पुन्हा काढली आणि अक्षर बघत बसलो. पण सगळा चांगुलपणा माझ्या पदरात टाकू नका. तुम्हाला कळलं की चूक तुमची होती, तर तुम्ही ओशाळून लिहिणंच थांबवाल, अशी भीती मला जास्त होती. दर पंधरा दिवसांनी पत्र यायची मला सवय लागली होती. ते घालवायचं नव्हतं, आणि त्या नादात दुसरंच घालवून बसलो. राहिलेलं अर्धं मला कबूल आहे.

आठ ऑक्टोबरच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. नऊला सकाळी पोहोचतो. आठवडाभर राहीन, कुलूप मी उघडीन. झाडांना पाणी घालायचं शेजारच्या बाईला विचारलं, ती हो म्हणाली.

नंबराचं म्हणाल तर फजिती झाली. कंपनीचा फोन जमा केल्यावर मी नवा घेतला, तीन वर्षं रोज चार्ज करतो, पण त्याचा नंबर मला येत नव्हता. कुणी कधी विचारलाच नाही, तर पाठ कशाला होईल? काल खालच्या दुकानदाराला त्याचा नंबर विचारला, त्याच्यासमोरच त्याला फोन लावला, आणि त्याच्या फोनवर जे आकडे उमटले ते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर उतरवून घेतले. त्याने विचारलं, काका, कुणाला द्यायचाय? मी म्हटलं, वहिनीला, हॉस्पिटलच्या फॉर्मवर लागतो. तो म्हणाला, मग नीट लिहा.

पुठ्ठा पाकिटात घातला आहे, आकडे मोठे काढले आहेत. बरोबर उतरलेत की नाही ते मला कळायला मार्ग नाही, तेव्हा फॉर्म देण्याआधी एकदा लावून पाहाल का? कोणत्याही वेळी लावा. मी घरीच असतो.

आपला,
धाकटा